आडवी डगाल

तीनखांदी पहाडीची गोष्ट निघाली की हिरडाटोल्यात दुसऱ्या कोणी तोंड उघडायचं नाही, असा काही ठराव झालेला नव्हता. पण बिसराम कुंभरे बसलेला असला की ते आपोआप होत असे. अस्वल कोणत्या महिन्यात कोणत्या खांद्याला राहते, साग कुठं संपून बांबू लागतो, रान्याच्या नाल्याला शेवटचं पाणी कोणत्या डोहात टिकते, हे तो कोणी विचारायच्या आधीच सांगून मोकळा होई. पंचावन्न वर्षांचा माणूस. अंगानं वाळका, पण पोटऱ्या अशा की वासरानं लाथ मारली तर वासराचाच पाय दुखावा.

तीस वर्षं तो वनखात्यात रोजंदारीवर राबला. उन्हाळ्याआधी जाळरेषा कापायच्या, म्हणजे वणवा पुढं सरकू नये म्हणून जंगलात रुंद पट्टा झाडून-जाळून मोकळा करायचा. प्राणीगणनेला साहेबाच्या पुढं चालायचं, साहेबाची पाण्याची बाटली धरायची, साहेब दमला की आपणच दमल्यासारखं दाखवून बसायचं. कायम काही झाला नाही. एका गार्डानं बदली होऊन जाताना दिलेला खाकी शर्ट तेवढा राहिला, तीन बटणांचा. कायम न झाल्याचं बिसरामला फार वाईट वाटलं नव्हतं. नवा साहेब आला की पहिल्याच दिवशी नाक्यावरून निरोप येई, "बिसरामले बोलवा," आणि तो निरोप घेऊन सायकलवाला टोल्याच्या वस्तीत शिरे तेव्हा बिसराम मुद्दाम दोन हाका होईपर्यंत घराबाहेर येत नसे. टोल्यानं ऐकलं पाहिजे.

मागच्या दिवाळीनंतर नवीनच निघालं. शहरातली पोट्टे-पोट्टी पाठीवर पोत्याएवढी सॅक घेऊन पहाड्या चढायला येऊ लागली. वाघ पाहायला नाही, जिपड्यात बसायला नाही, नुसती चालायला. वर पैसे देऊन. ‘‘रिकामं चालाचे पैसे देतेत?’’ मंगरू ढोरकी म्हणाला होता, ‘‘मंग माज्या ढोरांमागं येऊन जा म्हना. मी फुकट चालवतो.’’ टोल्याच्या वन समितीचा सचिव योगराज, ज्याचं किराणा दुकान आणि धानाच्या बांध्या दोन्ही बरे चालत, त्यानं मात्र कागदपत्रं केली. तीनखांदी राखीव जंगलाच्या बाहेरची, गावाच्या हक्कातली पहाडी. तिथं वाट आखायची, आणि एक वाटाड्या ठरवून त्याचं नाव तालुक्याला, गोरेगावच्या ऑफिसात द्यायचं. नाव एकच मागितलं होतं. ते कोणाचं, हा प्रश्न बिसरामला पडला नाही. दुकानाच्या ओट्यावर बसून त्यानं योगराजला एवढंच सांगितलं, ‘‘बिसराम लखू कुंभरे असं लिव. नुसतं बिसराम लिवशीन तर तिकडं दहा बिसराम निघतीन.’’

फेब्रुवारी सरताना पहिली दोघं आली. दामिनी नावाची तिशीतली बाई, मूळ गोंदियाच्या कापडवाल्याच्या घरची, नागपूरला नोकरीत, हिमाचल-उत्तराखंड पायाखाली घातलेली. सोबत तिचा दोस्त कैलाश, ज्याच्या हातात चोवीस तास मोबाइल आणि मोबाइलात नकाशा. एसटीनं गोरेगावपर्यंत, तिथून भाड्याच्या मोटरसायकलवर. मुक्काम योगराजच्या मागच्या खोलीत. तीन दिवस राहणार, पायथ्यानं फिरणार, शेवटल्या दिवशी माथा. त्यांच्या चढाईवरून योगराज वाट पक्की करणार होता.

पहिल्या दिवशी बिसरामनं खाकी शर्ट घातला आणि निघाला. मागं वळून पाहणं त्याला माहीत नव्हतं. साहेब लोक मागे पडले की आवाज देत, तशी ही देतील, असं धरून तो चालला. तोंडाचा पट्टा सुरू.

‘‘हे ते डबकं. अठ्याण्णव साली इथं डीएफओ साहेब घसरले. मी धरलो म्हनून वाचले.’’

‘‘काका, हे झाड कोणतं?’’ दामिनीनं विचारलं.

‘‘कामाचं नाई ते.’’

‘‘आणि हे?’’

‘‘तेही नाई. चाला, आता रस्त्यात मोठ्ठा दगड येते, तिथं कंझरवेटर साहेबानं डबा खाल्ला होता.’’

‘‘काका, जरा धीरे,’’ कैलाश म्हणाला, ‘‘नेटवर्क जा रहा है.’’

दुपारी परत आले तेव्हा दामिनीच्या टाचेला रुपयाएवढा फोड आला होता. ती लंगडत बिसरामच्या अंगणात टेकली. त्याची बायको चमेली शिंदीच्या पानांचे झाडू बांधत बसली होती. तिनं पाय हातात घेतला, मग आत गेली, करंजीचं तेल गरम करून आणलं, चिंधी बांधली.

‘‘उद्या जोडा नोको घालू. माजी चप्पल घे. चढाव असला का पाय आडवा टाकाचा, उभा नाई. कोनी सांगतलं नाई का?’’

‘‘काकांनी नाही सांगितलं.’’

‘‘त्याईचा पाय दुखतच नाई तर ते काय सांगतीन.’’

दामिनी हसली. बिसराम आतल्या खोलीत भात खात होता, त्याला ते हसू भातातल्या खड्यासारखं लागलं.

चमेली त्याच्या घरात बत्तीस वर्षांपूर्वी आली. तेंदूपत्ता, मोहफूल, डिंक, झाडू, चारोळी, जे जंगल देईल ते डोक्यावर आणायचं, गोरेगावच्या बाजारात विकायचं, हे तिचं चाललेलं असे. ती कुठं जाते, कुठून येते, हे बिसरामनं कधी विचारलं नव्हतं. बाया जातात तिकडं जाते. मोळी आली म्हणजे आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दामिनीनं कैलाशला घेऊन बिसरामच्या सोबतीऐवजी चमेलीच्या मागं डिंक काढायला जायचं ठरवलं. ‘‘आज आराम करा काका,’’ असं वर सांगून. बिसरामनं आराम केला तो असा, की कुऱ्हाड खांद्याला लावून तोही त्याच अंगाला गेला आणि शंभर पावलांवर एका परसाच्या, म्हणजे पळसाच्या झाडाच्या, आड उभा राहिला. परस लाल फुलांनी पेटलेला, पानं नाहीत, आडोसा म्हणाल तर नावाचाच. पण त्या तिघांपैकी कोणी मागं पाहिलंच नाही.

चमेली चालत नव्हती, रेंगाळत होती. धावड्याच्या खाचेतला डिंक नखानं काढून दामिनीच्या तळहातावर ठेवत होती. एका ऐनाच्या बुंध्याला फुगवटा होता, मगरीच्या पाठीसारखी साल. त्यावर बोटाच्या पेरानं टकटक करून तिनं सांगितलं, ‘‘याच्या पोटात पानी आहे. उन्हाळ्यात टोचा मारला का धार लागते. एका मानसापुरती. मंग चिखल लावून बुजवून टाकाचं, नाई तर झाड मरते.’’

‘‘सच में?’’

‘‘खोटं सांगून मले काय भेटन?’’

दामिनीनं कान झाडाला लावला. कैलाशनंही मोबाइल खिशात घातला आणि कान लावला. बिसरामच्या छातीत कोणी मूठ मिरच्या टाकल्यासारखं झालं. हे ऐनाचं पाणी त्याचं होतं. एका साहेबाला ते दाखवून त्यानं शाबासकी घेतली होती. ही बाई त्याची शाबासकी भर दिवसा वाटत सुटली होती.

घरी आल्यावर त्यानं काढलंच.

‘‘ऐनाच्या पान्याचं तुले मीच सांगतलो होतो ना वो?’’

चमेलीनं कणी निवडताना मान वर केली नाही. ‘‘तुमाले कोन सांगतलं?’’

‘‘मले मालूम होतं.’’

‘‘माज्या बापानं सांगतलं तुमाले. लग्नाच्या सालचं. पानी पेले तवा तुमी डोरे बंद केले होते, मले याद आहे.’’

बिसरामला आठवलं, आणि आठवलं म्हणून तो अधिकच तापला.

त्याच सायंकाळी योगराजच्या ओट्यावर चहा चालला होता. दामिनी म्हणाली, ‘‘योगराजभाऊ, कल पहाडी पे चमेलीताई येतील ना?’’

‘‘बिसराम जाते ना.’’

‘‘काका अच्छे हैं. पण काका चालतात, दाखवत नाहीत. ताईंसोबत जाऊ दे ना.’’

बिसराम तिथंच, दोन हातांवर. कप हातात. योगराज जरा खोकला, त्यानं बिसरामकडं पाहिलं, मग पाहुण्यांकडं. व्यापारी माणूस. ‘‘मंग उद्या चमेली जाऊ दे,’’ तो म्हणाला, ‘‘पायू तिले जमते का. माथ्यावर नेऊन आनलं तर नाव तिचंच टाकू. बिसराम, तुले काई?’’

‘‘मले काय?’’ बिसराम म्हणाला, ‘‘घरचंच तर आहे.’’ आणि चहा अर्धा टाकून उठला.

जेवताना त्यानं चमेलीची परीक्षा घेतली. ‘‘दोन बेहडे लागतेत. तिथून वाट फुटते. तू कोन्या वाटेनं जाशीन?’’

‘‘उजव्या. रान्याच्या नाल्यानं.’’

‘‘आन् डावी?’’

‘‘डावी तलावावर जाते. चोरखमाऱ्याच्या बुडीतात. तिकडून पहाडी चढाले दिवस जाइल.’’ तिनं त्याच्या ताटात आणखी भात वाढला. ‘‘तुमी काऊन पुसून रायले? लेकरू आहो का मी?’’

एवढं तिला माहीत असावं हेच बिसरामला खपलं नाही. चुकली असती तर त्यानं सांगितलं असतं, आणि उद्याच्या चढाईत त्याचा वाटा राहिला असता. ती चुकली नाही. मग वाटच चुकवायला हवी, हे त्याच्या डोक्यात तिथं, दुसऱ्या वाढीच्या भातावर आलं.

हिरडाटोल्याच्या जंगलात एक चाल आहे. वाटेवर धोका दिसला, म्हणजे पिलांसोबतचं अस्वल, आग्यामाशांचं मोहळ, कोणी डुकरासाठी सोडलेली विजेची तार, तर माणूस पानांसकट एक डगाल, म्हणजे फांदी, तोडतो आणि वाटेवर आडवी टाकतो. मागून येणाऱ्यानं ती ओलांडायची नाही. कितीही घाई असो, वाट बदलायची. टाकणाऱ्यानं त्याच दिवशी टोल्यात येऊन काय दिसलं ते सांगायचं, आणि धोका सरला की आपल्याच हातानं ती उचलायची. डगाल ओलांडून गेलेला एकजण कधीकाळी परत आला नाही, असं म्हातारे सांगत. नाव कोणाला आठवत नव्हतं, पण डगाल मानायला नाव लागत नव्हतं. फुकाची डगाल कोणी टाकली, असं मात्र म्हाताऱ्यांच्याही ऐकण्यात नव्हतं.

उजाडायच्या सुमारास बिसराम बेहड्याच्या त्या दोन झाडांपाशी होता. ऐनाची डगाल त्यानं पिळून तोडली, उजव्या वाटेवर आडवी टाकली आणि बुडख्यावर दगड ठेवला, वाऱ्यानं हलू नये म्हणून. मन एकदम हलकं झालं होतं. आता त्या डाव्या वाटेनं जातील. दोन तासांनी तलावाच्या काठाशी उन्हात येतील, नकाशावाला बोंबलेल, फोडवाली बसेल, आणि चमेलीला पुढं कसं जायचं ते सुचणार नाही. तिथं आपण बैल शोधत आल्यासारखं भेटायचं. अरे, तुमी इकडं? आन् मग आपण त्यांना मागच्या अंगानं, गणनेच्या जुन्या वाटेनं वर घेऊन जायचं. योगराजनं नाव कोणाचं लिहायचं ते त्यानं मग ठरवावं.

डाव्या वाटेवर, तलाव दिसतो तिथं एका खडकावर तो जाऊन बसला. खाली पाण्यात बुडीतातली वाळकी खोडं उभी होती, त्यांवर पाणकावळे पंख वाळवत होते. आठ वाजले, नऊ वाजले. त्यानं ‘अरे, तुमी इकडं?’ हे तीन तऱ्हांनी म्हणून पाहिलं. दहाच्या सुमारास पाचोळा वाजला. बिसराम उठून उभा राहिला, बैल शोधणाऱ्याचं तोंड केलं.

आली ती ढोरं. चाळीस-पन्नास, जिभा बाहेर, मागं मंगरू शिव्या देत.

‘‘अरे बिसराम, तू कायले इकडं? बैल गेला का?’’

‘‘हं. बैल.’’

‘‘तुजा बैल तर मी कोठ्यात बांधला पायलो.’’ मंगरूनं पागोट्यानं तोंड पुसलं. ‘‘जाऊ दे. उजव्या वाटेवर डगाल पडली आहे. अस्वलच असन. नाल्याचा डोह गेला ना गा माजा. सकारपासून ढोरं तहानली, आता इतक्या दुरून तलावावर आनाव लागले.’’

‘‘वाटेत कोनी भेटलं का? चमेली, पावने?’’

‘‘कोनी नाई. मीच पयला या वाटेनं. त्याईचे पाय पन नाई दिसले.’’

बिसरामला ते कळायच्या आत ढोरांना पाण्याचा वास लागला. डोहाच्या खडकाळ काठाची सवय असलेली जनावरं, उतारानं सुटली ती थेट बुडीतात. तलाव आटत चाललेला, काठाला वरून वाळलेला आणि आतून लोण्यासारखा गाळ. पुढची कशीबशी गाळातून निघाली, मागं फिरली. योगराजची तांबडी कालवड मात्र पोटापर्यंत रुतली. ओरडली नाही. नुसती डोळे मोठे करून उभी राहिली.

पुढचे तीन तास गाळात गेले. मंगरूनं तलावावरच्या मासेमाऱ्यांना हाका मारल्या, दोघं आले. बांबू तोडून तिच्या पोटाखाली घातले, दोर बांधला, ओढला. बिसराम छातीपर्यंत चिखलात होता. खाकी शर्ट कुठं संपतो आणि गाळ कुठं सुरू होतो ते कळत नव्हतं. कालवड निघाली ती मागचा एक पाय टेकेना.

‘‘बरं झालं तू होतास,’’ धापा टाकत मंगरू म्हणाला. ‘‘आज बैल पाहाले आला म्हनून कालवड वाचली.’’

परतताना बिसरामच्या डोक्यात एकच होतं. उजवीकडं डगाल, डावीकडं पायाचा ठसा नाही. मग ती गेली कुठं? नक्कीच दोन बेहड्यांवरून मागं फिरली. घाबरली असेल. घरी बसली असेल, पाहुण्यांना झाडू दाखवत. या विचारानं त्याच्या पायांत परत जीव आला.

टोल्यात शिरला तर योगराजच्या ओट्यावर हसण्याचा आवाज. दामिनीच्या केसांत बांबूची पानं, गालावर ओरखडा, तोंड असं की लग्नातून आली आहे. कैलाश योगराजला मोबाइलातले फोटो दाखवत होता. माथ्यावरचा तो सपाट काळा खडक, मागं निळा तलाव, तलावाच्या काठाशी मुंगीएवढी ढोरं. बिसरामनं फोटोत आपण दिसतो का ते पाहिलं. दिसत नव्हता.

‘‘काका, क्या बात है ताई की!’’ दामिनी म्हणाली. ‘‘रस्ता बंद होता. तिथं फांदी पडलेली. कैलाश म्हणाला, फांदीच तर आहे, ओलांडून जाऊ, नकाशात हाच रस्ता आहे. ताई हलल्याच नाहीत. मग आम्हाला बांबूतून घेऊन गेल्या, एकदम तिसरीकडून. मध्ये एवढासा झरा, काय गार पाणी.’’

‘‘फोटो?’’ बिसरामच्या तोंडून निघालं.

‘‘झऱ्याचा नाही काढला. ताईंनी शपथ घातली.’’

चमेली ओट्याच्या खाली, खांबाला टेकून बसली होती. तिनं नवऱ्याच्या चिखलाकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

सूर्य बुडताना टोला जमला. कालवडीच्या पायाला योगराज स्वतः हळद बांधत होता आणि त्याचं तोंड उतरलेलं होतं. मंगरू सगळ्यांच्या मधोमध उभा.

‘‘डगाल कोन टाकला? दिवस बुडाला, आजून कोनी येऊन सांगतला नाई. काय दिसलं तिथं? उद्या मी ढोरं कोन्या वाटेनं नेऊ?’’

लोक एकमेकांकडं पाहू लागले. न सांगितलेली डगाल म्हणजे टाकणाराच जंगलात पडला असेल का, अशीही कुजबुज झाली. दोघं कंदील शोधायला निघाले.

‘‘चमेली, तू पायली ना वो डगाल?’’ योगराजनं विचारलं. ‘‘कोनाची असन?’’

आता बिसरामनं तिच्याकडं पाहिलं. बत्तीस वर्षं त्यानं तिच्या समोर डगाली तोडल्या होत्या. पिळून तोडायची आणि बुडख्यावर दगड ठेवायचा, हे टोल्यात दुसरं कोणी करत नसे. तिनं ती पाहिली त्याच क्षणी ओळखली असणार. ओळखूनही ओलांडली नाही. आणि आता साऱ्या टोल्यासमोर ती खांबाला टेकून बसली होती, पदरानं तोंड पुसत होती.

‘‘ऐनाची होती,’’ ती म्हणाली. ‘‘डगालीवर नाव रायते का?’’

झालं. तिनं त्याला झाकलं. आज पहाडी तिची झाली होती, पाहुणे तिचे झाले होते, आणि आता बिसरामची अब्रूही तिच्याच पदराखाली जाऊन बसली होती. उद्यापासून ती कणी निवडेल, भात वाढेल, काही बोलणार नाही, आणि हे असंच राहील. त्याला कालवडीचं वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण तोंड उघडलं ते कालवडीपायी नाही. हिच्या मोठेपणाखाली राहण्यापेक्षा टोल्याच्या शिव्या बऱ्या, असं त्याच्या मनानं घेतलं.

‘‘मी टाकलो,’’ बिसराम म्हणाला.

‘‘काय दिसलं?’’ मंगरूनं विचारलं.

‘‘काई नाई दिसलं.’’

‘‘काई नाई म्हंजे?’’

‘‘काई नव्हतं तिथं. अस्वल नाई, काई नाई. याईनं दुसऱ्या वाटेनं जाव म्हनून टाकलो.’’

मंगरूला समजायला वेळ लागला. मग त्यानं चमेलीकडं पाहिलं, पाहुण्यांकडं पाहिलं, आणि समजलं. कैलाशनं दामिनीला हळूच विचारलं, ‘‘क्या हुआ?’’ तिनं त्याला गप्प केलं.

शिव्या झाल्या. त्या बिसरामनं खाली मान घालून ऐकल्या, त्यांचं त्याला विशेष काही नव्हतं. योगराज म्हणाला, कालवडीचं तो पाहून घेईल, गाळातून काढलीही यानंच. तेवढ्यावर मिटलं असतं. पण मंगरू मिटवणारा नव्हता. रोज जंगलात जाणारा तो होता.

‘‘आता मी डगाल पाहीन तर मले वाटन, ही खरी का बिसरामची?’’ तो म्हणाला. ‘‘पोराले काय सांगू? मंग असं करू. पुढल्या सालच्या होळीपर्यंत बिसराम डगाल टाकनार नाई. अस्वल दिसो का वाघ दिसो, टोल्यात याव, तोंडानं सांगाव. आन् टाकली, तर आमी वलांडू.’’

‘‘हो,’’ दोघातिघांनी म्हटलं. मग सगळ्यांनी म्हटलं.

आमी वलांडू. बिसरामच्या कानात ते शब्द एवढ्या मोठ्यानं वाजले की योगराजनं त्याच दमात गोरेगावच्या कागदावर कोणाचं नाव लिहितो ते सांगितलं, ते त्याला ऐकूच आलं नाही.

घरी जाताना चमेली सोबत चालत होती. बिसराम म्हणाला,

‘‘तू ओरखली होती.’’

‘‘बुडख्यावर दगड होता ना.’’

‘‘मंग वलांडली काऊन नाई? मालूम होतं ना तुले, लबाडी आहे.’’

‘‘तुमची लबाडी तुमच्यापाशी. डगाल तर डगाल आहे. मीच वलांडली असती तर ती पोट्टी उद्या पुन्याची-नागपूरची दहा आनन, तेही वलांडतीन.’’

त्यानं थोडा वेळ ते चावलं. पण त्याला खाऊन राहिलेली गोष्ट दुसरीच होती.

‘‘ती वाट कोनती वो? बांबूतली. मी तीस वर्सं ती पहाडी तुडवलो. तिथं वाट नाई.’’

‘‘आहे ना.’’

‘‘मंग मले काऊन मालूम नाई?’’

चमेली थांबली. तिला हे सांगताना ना राग होता ना हसू. ‘‘पयले गारड लोक आमचे विळे काढून घेत, मोहा सांडून देत. तुमाले याद असन. दुर्पता बुढीचा विळा एका गारडानं नाल्यात फेकला. तवा बायांनी ती वाट काढली. माजी सासू, म्हंजे तुमची माय, ती होती त्याच्यात. झिऱ्यापाशी बसाव, घाम पुसाव, मंग एकएक करून उतराव. मानसाले कोनाले सांगाची नाई, असं ठरलं. आन् तुमाले तर मुळीच नाई.’’

‘‘मले काऊन मुळीच नाई?’’

‘‘तुमी त्या गारडांच्या पुढं चालत होते ना.’’

बिसराम रस्त्यात उभा राहिला. आपल्या मायनं मरेपर्यंत ही वाट पोटात ठेवली. रोज संध्याकाळी त्याच्या हातचा तंबाखू खाऊन ती त्याला विचारायची, आज साहेबाला कुठं नेलं रे? आणि तो मोठ्या कौतुकानं सांगायचा. कोणत्या अंगाला गस्त गेली, उद्या कुठं जाणार.

‘‘दाखवशीन का?’’ त्यानं विचारलं.

‘‘बायांले पुसाव लागन. दुर्पता बुढी आन् बाकीच्या हो म्हनल्या तर.’’

‘‘त्या शहरातल्यांले दाखवलीस.’’

‘‘तिले दाखवली. ती परतीच्या वाटेवर मलेच पुसत होती, कोनीकडून आलो ते. त्याच्या मोबाइलात तर नुसता हिरवा रंग होता. तुमाले एकदा दाखवली का जिंदगीभर दाखवली.’’

बायांनी दोन आठवडे उत्तरच दिलं नाही. पुसलं आहे, सांगतीन, म्हणत चमेली पुढं ढकलत राहिली. तोवर दामिनीच्या सांगण्यावरून पाच जणांची टोळी आली. रविवारी सकाळी चमेली त्यांना घेऊन निघाली. पायात तीच चप्पल, हातात विळा. तिनं एकाला चढावावर पाय आडवा टाकायचा कसा ते अंगणातच शिकवलं. बिसराम कुंपणाला नवे बांबू बांधत होता. एकानं जाताजाता विचारलं, ‘‘काका, तुम्ही नाही येत?’’ बिसराम म्हणाला, ‘‘मले काम आहे.’’

काम होतं. पण हात बांबूवर आणि कान पहाडीवर. ती गेली तशी तो आवाजावरून मनानंच मागं मागं गेला. टिटवी ओरडली, म्हणजे बोडी, ते टोल्यामागचं छोटं तळं, ओलांडली. मग सागाच्या वाळक्या पानांचा चुरचुराट, तो फार लांबून येत नाही, पण त्याला येतो. नंतर माकडं खेकसली, म्हणजे दोन बेहडे आले. तिथं ती बरीच वेळ थांबली असणार, कोणाला तरी बेहड्याची फळं दाखवत. मग माकडं गप्प झाली. बिसरामनं बांबू खाली ठेवला. उजवीकडं गेली असती तर नाल्यातला मोर बोलला असता. डावीकडं गेली असती तर तलावाची बदकं उठली असती. तो उभा राहिला, ऐकत. पहाडी नुसती हिरवी-पिवळी, गप्प, उन्हात बसलेली होती आणि त्याची बायको पाच माणसं घेऊन तिच्यात कुठंतरी चढत होती.

तो तसाच उभा असताना दुर्पता बुढी पाण्याची गुंडी घेऊन कुंपणाजवळून गेली.

‘‘काय आयकून रायला रे बिसराम?’’

‘‘काई नाई, मावशी,’’ तो म्हणाला, आणि तिच्या तोंडाकडं पाहत राहिला, ती हो म्हणणार की नाही ते त्यावर कुठं लिहिलेलं आहे का, हे शोधत.